कबऱ्या पानांची सावली

यंदाच्या अंकाचा विषय 'सावली' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा नेहमीची मंडळी डोळ्यांसमोर उभी राहिली. वड, पिंपळ, चिंच, झालंच तर कडुनिंब. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की आता त्या झाडांनाच कंटाळा आला असेल. त्याच आठवड्यात रायपूरहून मावशीचा फोन आला. तिच्या अंगणातलं झाड बिघडलं होतं. म्हणजे वाळलं नव्हतं, किडलंही नव्हतं. इतकी वर्षं पांढऱ्या-हिरव्या पानांनी नटलेलं ते झाड एका अंगानं साधं हिरवं व्हायला लागलं होतं. शेजाऱ्यांची तीन निदानं करून झाली होती: रोग, माती आणि दृष्ट. "तू झाडांवर लिहितोस ना? मग येऊन बघ बरं. हिरवं होऊन राहिलं ते."

झाड हिरवं होतंय ही तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. नागपूरहून गाडी पकडली.

ब्राह्मणपारा हा रायपूरच्या जुन्या वस्तीचा भाग. कंकाली तलावाच्या आसपासच्या गल्ल्या, एकमेकींना खेटलेली घरं, आणि मधूनच एखाद्या जुन्या फाटकामागे कुणालाही वाटणार नाही एवढं मोठं आवार. जवळचा कंकाली मठ वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतो आणि आतली जुनी शस्त्रं लोकांना पाहायला मिळतात. या भागात आणि शेजारच्या तात्यापारा, बुढापारा या वस्त्यांत मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर होता. बिंबाजी भोसले रतनपूरला बसून छत्तीसगडचा कारभार पाहत. राज्य गेलं, माणसं राहिली. त्यांची मराठी हिंदीशी आणि छत्तीसगडीशी शेजारधर्म पाळत तिसऱ्याच चालीनं चालते. मावशी मागच्या बागेला 'परस' म्हणत नाही, 'बारी' म्हणते.

झाड पुढच्या अंगणात होतं. दोन माणसं उंचीचं, एकावर एक मजले चढवल्यासारख्या आडव्या फांद्यांचं. पानं लहान, देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गुच्छागुच्छानं. प्रत्येक पानाला मलईच्या रंगाची कड. नव्या फुटीवर हलकी गुलाबी झाक. उन्हात लांबून पाहिलं तर झाडावर कुणी तांदळाचं पीठ उधळलंय असं वाटावं. आणि डाव्या बाजूला दोन फांद्या अगदी गर्द हिरव्या, इतर फांद्यांपेक्षा जाड, हातभर पुढे गेलेल्या.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"वेरीगेटा," मावशी म्हणाली.

दूध येतं का?

'वेरीगेटा' हे झाडाचं नाव नाही, ती पानाची तऱ्हा आहे. आपल्याकडे कबरं म्हणतात, रायपुरात चितकबरा. कबऱ्या पानांची सावली देणारी निदान चार झाडं आपल्या बागांमधून सर्रास दिसतात, आणि चारही एकाच नावानं विकली जातात. त्यांचं वागणं मात्र चार दिशांचं आहे. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

पहिली परीक्षा सोपी. एक पान देठापाशी तोडायचं आणि दूध येतं का पाहायचं. आलं तर ते वडा-पिंपळाच्या कुळातलं. बहुधा फायकस बेंजामिना, ज्याचा पांढरकडी प्रकार नर्सऱ्यांत 'स्टारलाइट' म्हणून मिळतो. त्याचं पान टोकदार, चकचकीत. कुंडीत गोड दिसतं. जमिनीत, घराला चिकटून लावलं तर त्याची मुळं नाल्या आणि फरशा शोधत जातात. मावशीच्या पानाला दूध आलं नाही. घरावरचं एक संकट टळलं.

दुसरी परीक्षा पानांच्या मोजणीची. एकाच देठावर तीन पानं आणि पिवळा रंग कडेला नसून शिरांच्या बाजूनं पसरलेला असेल, वर खोडाला काटे असतील, तर तो पांगारा. तिसरं झाड समुद्रकाठच्या जास्वंदीच्या जातीचं. पान हृदयाच्या आकाराचं, त्यावर पांढरे, हिरवे, गुलाबी डाग, आणि सकाळी पिवळं उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत तांबूस होऊन गळतं. मावशीच्या झाडाचं यांतल्या कशाशीच जमत नव्हतं.

उरलं चौथं. फांदी आडवी सरकते, टोकाशी किंचित वर वळते, तिथं पानांचा झुबका येतो, आणि त्या झुबक्याच्या खालून पुढची फांदी निघते. पुन्हा आडवी, पुन्हा वर. हा मजल्या-मजल्यांचा आराखडा देशी बदामाच्या झाडाखाली खेळलेल्या कुणालाही ओळखता येईल. पान मात्र बदामाच्या मानानं बोटभर. म्हणजे टर्मिनेलिया मॅन्टॅली, मूळचं मादागास्करचं, आणि त्याचा हा कबरा प्रकार 'ट्रायकलर'. टर्मिनेलिया हे नावच पानं फांदीच्या टोकाला येतात म्हणून पडलेलं.

गंमत अशी की छत्तीसगडच्या जंगलात याचे सख्खे चुलतभाऊ उभे आहेत. साजा म्हणजे आपला ऐन, कौहा म्हणजे अर्जुन, हर्रा म्हणजे हिरडा, बहेरा म्हणजे बेहडा. सगळे टर्मिनेलियाच. ज्या कोशाच्या रेशमासाठी चांपा प्रसिद्ध आहे, त्या कोशाची अळी साजा आणि अर्जुनाची पानं खाऊन वाढते. मावशीकडच्या पूजेच्या कोसा साडीचं आणि अंगणातल्या झाडाचं असं दूरचं नातं निघालं. ते ऐकून झालेला तिचा आनंद झाडाच्या दुखण्याच्या काळजीपेक्षा मोठा होता.

नावातला चकवा

लॅटिन नावावर विसंबणाऱ्यांची इथं दोनदा फसगत होते.

पांगाऱ्याचं शास्त्रीय नाव एरिथ्रिना व्हेरिगेटा. कोकणातल्या कुंपणावरचा, पानवेलीला आणि मिऱ्याच्या वेलाला आधार देणारा पांगारा तर साफ हिरवा असतो. मग चित्रविचित्र कशावरून? अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या रंफियसच्या कामावर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या देखरेखीखाली १७५४ मध्ये एक प्रबंध निघाला. त्यात हे नाव आलं आणि ते बागेतल्या कबऱ्या पानांच्या प्रकारावरून पडलं. नाव आधी मिळालं बागेतल्या हौशी भावाला, आणि रानातला मूळ पांगारा तेच नाव घेऊन जगतो. या पांगाऱ्याला अलीकडे एका गांधीलमाशीच्या जातीच्या किड्यानं छळलंय. २००४ मध्ये शास्त्राला नव्यानं माहीत झालेला हा मिलिमीटरभर लांबीचा कीटक कोवळ्या पानांवर आणि देठांवर गाठी आणतो. म्हणून कुणी हौसेनं पिवळ्या शिरांचा पांगारा लावणार असेल, तर आधी आसपासच्या पांगाऱ्यांची कोवळी पानं पाहून घ्यावी.

दुसरी फसगत कांचनाची. बॉहिनिया व्हेरिगेटा म्हणजे आपला रक्तकांचन. त्याचं पान ठार हिरवं; रंगांची सरमिसळ फुलात. चिठ्ठीवर नुसतं 'व्हेरिगेटा' लिहून माणूस पाठवला तर परत येताना तो कांचन घेऊन येऊ शकतो.

कांचनावरून आठवलं. दसऱ्याला रायपुरातही सोनपत्ती वाटतात, महाराष्ट्रात वाटतात तसंच. आणि दोन्हीकडे आपटा समजून कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं. आपण ते देत नाही, याचा मला दर दसऱ्याला राग येतो.

पुरणपोळीची कड

आता मावशीचा खरा प्रश्न. पान कबरं होतंच का, आणि पुन्हा हिरवं का झालं?

फांदीच्या अगदी टोकाला, जिथून नवी पानं जन्मतात, तिथं पेशींचे थर एकावर एक बसलेले असतात. त्यातल्या एका थराची हरितद्रव्य बनवण्याची ताकद कधीतरी, अपघातानं जाते. बाकीचे थर शाबूत असतात. मग त्या टोकातून निघणारं प्रत्येक पान दोन प्रकारच्या पेशींनी मिळून बनतं. मी मावशीला पुरणपोळीवरून सांगितलं. पारी पांढरी, पुरण हिरवं. लाटताना पुरण कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून कड नुसत्या पारीची राहते. पानाचंही तसंच. मधोमध आतला हिरवा थर, कडेला फक्त रंग गमावलेला थर. पांढरी कड आणि हिरवा मध्य असलेल्या बहुतेक झाडांचं गुपित हेच. दोन तऱ्हेच्या पेशींच्या अशा झाडाला शास्त्रज्ञ कायमेरा म्हणतात.

आणि पोळी फुटते तेव्हा? आतलं पुरण बाहेर येतं. कधीतरी एखादा डोळा नुसत्या हिरव्या पेशींपासून फुटतो, आणि त्याची अख्खी फांदी हिरवी होते. मावशीच्या झाडाच्या डाव्या अंगाला हेच झालं होतं. रोग नाही, माती नाही, आणि दृष्ट तर नाहीच.

कबरेपणाचा एक वेगळाच, जुना धडा आपल्या अंगणातल्या गुलबाक्षीनं जगाला शिकवला आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये गुलबाक्षीच्या एका कबऱ्या झाडावर काम प्रसिद्ध केलं. त्याच झाडावर काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या, काही कबऱ्या होत्या. त्यांनी या फांदीच्या फुलाचे पराग त्या फांदीच्या फुलावर घातले आणि काळ्या मण्यांसारख्या बिया पेरल्या. निकाल असा: रोप कुठल्या रंगाचं होणार हे ज्या फांदीवर बी धरलं तिच्यावर ठरत होतं. पराग कुणाचे, याला किंमत नव्हती. गुलबाक्षीत हरितद्रव्याचे कण आईकडूनच येतात. पांढऱ्या फांदीच्या बियांची रोपं पांढरी निघत आणि बियांमधली शिदोरी संपली की मरत. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी हे एक गृहस्थ. त्यांनाच त्या नियमात न बसणारी ही गोष्ट गुलबाक्षीनं दाखवली.

केवडा पडला की कड आली?

शेजाऱ्यांचं 'रोग' हे निदान मात्र अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आपल्या शेतकऱ्यांकडे पान पिवळं-पांढरं पडण्याला एक सुंदर आणि फसवा शब्द आहे: केवडा. उसाला लोह कमी पडलं की केवडा पडतो. मोझॅकच्या विषाणूनं पान चितारलं तरी केवडाच म्हणतात. शब्द एक, कारणं वेगळी. नर्सरीत कबरं म्हणून घेतलेलं रोप खरं तर उपाशी किंवा आजारी निघू शकतं.

ओळखायचं कसं? लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारख्या. विषाणू असेल तर पान वाकडंतिकडं, आकसलेलं, सुरकुतलेलं दिसतं आणि शेजारची रोपंही हळूहळू तशीच होत जातात. खरा कबरेपणा फांदीच्या प्रत्येक पानावर त्याच शिस्तीनं उमटतो. पान निरोगी, ताठ आणि कडेची रेघ साफ असते. खात्री होत नसेल तर रोप घेऊच नये. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलं म्हणून कुणाचं अंगण पळून जात नाही.

खुंट आणि कलम

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या रस्त्याकडेच्या एका नर्सरीत गेलो. मालक म्हणाला की त्याचा बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो. राजमहेंद्रवरमजवळचं कडियम म्हणजे गोदावरीकाठची रोपवाटिकांची पेठ. त्र्यंबकेश्वरला ओंजळीत मावणारी गोदावरी तिथं समुद्राकडे जाता जाता अर्ध्या देशाच्या कुंड्या भरते.

कबऱ्या टर्मिनेलियाची रोपं रांगेत उभी होती, काळ्या पिशव्यांत, बांबूच्या कामट्यांना बांधलेली. बुडापासून वीतभर उंचीवर प्रत्येकाच्या खोडाला एक गाठ होती. तिथं कलम बांधलं जातं. खाली खुंट, वर कबरी काडी. बी लावून हे झाड कबरं येईल याचा भरवसा नाही, कारण पांढरी कड फांदीच्या टोकाच्या थरांत आहे आणि बियातून थरांची ती रचना पुढे जात नाही. म्हणून प्रत्येक झाड कुणाच्या तरी हातून बांधलं गेलेलं असतं. कामाला असलेल्या बाईंनी एक काडी तिरकी तासून, खुंटाच्या कापात बसवून, पट्टीनं गुंडाळून दाखवली. पानपट्टीवाला विडा बांधतो त्याहून वेळ लागला नाही.

मी हिरव्या फांदीचं विचारलं. बाईंनी हात न थांबवता सांगितलं: "हरियर डारा ला काट दे." हिरवी फांदी काप. बस. तीन पुस्तकं चाळून मी जे मावशीला पुरणपोळीत बसवलं होतं, त्याचं औषध इतकं लहान होतं.

त्यात एक बारकावा आहे. हिरवी फूट गाठीच्या खालून आली तर ती खुंटाची. ती दिसताच अंगठ्यानं मोडायची, कारण ती कलमाचा घास तोडते. गाठीच्या वरून आली तर ती कलमच मूळपदावर गेलेलं. ती फांदी जिथून निघाली त्या सांध्यापासून पूर्ण काढायची. अर्धवट छाटली तर उरलेल्या डोळ्यांतून पुन्हा हिरवंच फुटतं. थांबायचंही नाही. हिरवं पान सगळ्या अंगानं अन्न बनवतं, कबऱ्याची कड नुसती बसून खाते. दोघं एका खोडावर असली की हिरवं पुढे जाणारच. काही वर्षांत झाड पूर्ण हिरवं दिसतं, आणि लोक म्हणतात नर्सरीवाल्यानं फसवलं.

नवतपा ते हरेली

रायपूरचा उन्हाळा कबऱ्या झाडाला कठीण. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पानाच्या पांढऱ्या कडेला पहिला चटका बसतो. ती तपकिरी, कुरकुरीत होते. पहिली दोन-तीन वर्षं दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाला काहीतरी आडोसा हवा. भिंतीची सावली पुरते. पण फार अंधारात लावलं तर पांढरा रंग मळकट होतो आणि झाड लांबुडकं वाढतं. सकाळचं भरपूर ऊन आणि दुपारचा अर्धा आडोसा, ही जागा उत्तम.

माती पाहावी. इथले शेतकरी मातीची चार नावं सांगतात: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा म्हणजे खडकाळ, मुरमाड, लालसर. तिच्यात खड्डा मोठा घ्यावा, अडीच-तीन फुटांचा, आणि मुरूम फोडून काढावा, नाहीतर झाड कुंडीत लावल्यासारखं अडकतं. कन्हार म्हणजे काळी, चिकट. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबतं, म्हणून तिथं रोप जरा उंचवट्यावर बसवावं. मटासी सगळ्यांत सोयीची. खड्ड्यात घुरव्याचं, म्हणजे उकिरड्याचं कुजलेलं खत घालावं. कलमाची गाठ मातीवर राहील असं पाहावं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मावशीच्या माळ्यानं शेजारणीकडे लावलेलं रोप गाठीसकट पुरलं होतं.

युरियाची मूठ टाकू नये. त्यानं लुसलुशीत फूट येते आणि ऊन तीच फूट आधी जाळतं. आळ्यात धानाचा पैरा पसरावा. पैरा म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडची तणस. ओल टिकते, माती तापत नाही. दोन बाजूंना दोन बांबू रोवून रोप सैल बांधावं. आणि भिंतीपासून दहा-बारा फूट सोडावेत. हे झाड उंचीपेक्षा पसरून जागा घेतं.

लावायची वेळ पावसाची. इथं हरेलीच्या सुमारास लावणी चालते. हरेली म्हणजे आपल्या पंचांगातली आषाढ अमावस्या. त्या दिवशी छत्तीसगडचा शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पुजतो आणि दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात. मराठी घरात त्याच दिवशी दीप अमावस्या. मावशीकडे आत पाटावर समया मांडलेल्या असतात आणि बाहेर दाराला कडुनिंब लटकत असतो. दोन्ही सण ती आपलेच मानते.

डाव्या अंगाची फांदी

मी करवत मागितली. मावशीनं आणून दिली, पण हातातून सोडेना.

"म्हणजे जी खाऊनपिऊन धडधाकट झाली ती फांदी कापायची, आणि अशक्त ती ठेवायची?"

"झाड कबरं हवं असेल तर, हो."

तिनं झाडाभोवती एक फेरी मारली. मग वरच्या हिरव्या फांदीकडे बोट केलं. ती मी सांध्यापासून काढली. पांढरट, ओला काप दिसला, त्यावर तिनं बोर्डो पेस्ट लावली. खालच्या फांदीपाशी करवत गेली तशी तिनं माझा दंड धरला. "ही राहू दे रे."

मी तिला पुन्हा सगळं सांगितलं. हिरवी फांदी राहिली तर ती बाकीच्यांना मागे टाकेल, वर्षा-दोन वर्षांनी अर्धं झाड तिचंच होईल, आणि मग ज्यासाठी हे झाड आणलं ते रूप जाईल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. आत जाऊन वेताची खुर्ची आणली आणि त्या फांदीखाली ठेवली. उरलेल्या झाडाखाली उन्हाचे कवडसे नाचत होते, तांदूळ सांडल्यासारखे. खुर्चीवर एकही नव्हता.

फांदी अजून तिथंच आहे. परवा फोनवर म्हणाली, बोटभर आणखी जाड झाली. दुपारची भाजी ती आता तिच्याखालीच निवडते.